लाट आलेलं कव्हर

३ मार्च

कागदवाला दरवर्षी एक जाडजूड डायरी पाठवतो आणि दरवर्षी ती टेबलाच्या आखूड पायाखाली जाते. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, कारखान्यात ओरडणं बंद करा, रक्तदाब चढतो. जे ओरडावंसं वाटेल ते घरी येऊन लिहून काढा. म्हणून टेबलाखालून डायरी काढली. टेबल आता डुगडुगतंय. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं बिघडतं, छपाईत हे रोजचंच आहे.

पहिल्याच दिवशी ओरडण्यासारखं काही नाही, पंचाईत झाली. उलट बातमी चांगली आहे. जेवताना धाकटी म्हणाली की एका रेकॉर्ड कंपनीने तिचं संगीत काढायचं कबूल केलंय. खरीखुरी काळी, गोल, सुईवर वाजणारी रेकॉर्ड. आता त्या पुन्हा खपतात म्हणे. आमच्या मुलीचं संगीत म्हणजे इलेक्ट्रॉनिक. माडीवरच्या खोलीत बटणांच्या पेट्या, त्यांच्यातून निघालेलं वायरींचं जंजाळ आणि मध्ये हेडफोन लावून बसलेली ती. बाहेर ऐकू येते ती फक्त बटणांची टकटक. घरात संगीत आहे आणि ते घरातल्या कोणालाच ऐकू येत नाही, असं आमचं गेली कित्येक वर्षं चाललंय.

कंपनी लहान आहे. रेकॉर्ड ते काढणार, कव्हर मात्र धाकटीने द्यायचं, तेही याच महिन्यात. उशीर झाला तर रेकॉर्डच्या कारखान्यातला तिचा नंबर दुसऱ्याला जाणार, मग पुढच्या वर्षापर्यंत बसा हात चोळत. मी म्हटलं, कव्हरची काळजी सोड. बाप कोण आहे तुझा? रोलर धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. आज या शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांत माझ्याकडे छापलेला एक तरी खोका असतो.

धाकटीने आईकडे बघितलं. आईने पातेल्यात बघितलं. दोघींनाही बोलवेना इतका आनंद झाला होता.

५ मार्च

कव्हर तयार. काल दुपारभर संगणकवाल्याच्या शेजारी बसून करवून घेतलं. मधोमध धाकटीचा फोटो, थोरलीच्या लग्नातला, कारण त्यात ती हसतेय. मागे निळं आकाश. आकाशात वीज, कारण संगीत विजेवरचं. नाव सोनेरी, हाताला लागेल असं उठावदार. खालच्या कोपऱ्यात गुलाब, कारण तिथे जागा उघडीबोडकी दिसत होती.

धाकटीने बराच वेळ बघितलं. म्हणाली, "बाबा, साबण फार छान खपेल."

मी खूश झालो. ती जिना चढून वर गेली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमची ही म्हणाली, तिला काय हवंय ते विचारलंत का? मी म्हटलं, गिऱ्हाईकाला काय हवंय ते गिऱ्हाईकाला कळत नसतं, याच तत्त्वावर मी धंदा उभा केला. तर म्हणते, "पण ती गिऱ्हाईक आहे का?" याचं उत्तर सुचलं की इथे लिहीन.

८ मार्च

धाकटी आजही कारखान्यात आली. अलीकडे बऱ्याचदा येते आणि थेट म्हातारीपाशी जाऊन बसते.

म्हातारी म्हणजे माझी पहिली मशीन. एका वेळी एकच रंग छापते. दोन रंग हवे तर कागद दोनदा घाला, चार हवे तर चारदा. नवी चार रंगांची मशीन तेच काम एका झटक्यात करते, म्हणून म्हातारीचा सौदा करून टाकला. महिनाअखेर घेणारा येऊन तिला घेऊन जाईल. तिच्यावर काम करणारा मास्तर तेव्हापासून माझ्याशी फक्त "हो मालक" एवढंच बोलतो. ती दोघं एकमेकांच्या संगतीत म्हातारी झालीत, त्याला लागणारच.

तर धाकटीने मास्तरला मशीन आधी सावकाश चालवायला सांगितली, मग जोरात, मग कागद न घालता नुसतीच. हातात तळहाताएवढं काहीतरी यंत्र होतं, ते ती मशीनच्या अगदी पोटाशी धरत होती. आवाजाचा त्रास नको म्हणून कानाला हेडफोनही लावले होते. शहाणी आहे. मी केबिनच्या काचेतून बघत होतो आणि मला भरून आलं. पोरगी धंद्यात लक्ष घालायला लागली.

मी बाहेर येऊन सांगितलं की शिकायचंच तर नव्या मशीनवर शीक, ही आता चार दिवसांची पाहुणी आहे.

"म्हणूनच," ती म्हणाली.

११ मार्च

आज मी हट्टच धरला. माझ्या कव्हरात वाईट काय आहे, समजावून सांग. धाकटीने तिच्या सगळ्या रेकॉर्डी काढून कव्हरं पलंगावर मांडली. मी भिंग घेऊन बसलो.

एकावर नुसता काळा रंग, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. एकावर चौकोनांच्या रांगा, फरशी बसवल्यासारख्या. एकावर धुक्यातला रस्ता, फोटो इतका हललेला की असा छापला असता तर गिऱ्हाईकाने माझ्या तोंडावर फेकला असता. एकावर झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढल्यासारखा काळा चुरा. एकावर खेळण्यांसारखे लाल-पिवळे ठोकळे. एकावर तळं आणि काठाला झाड. माणूस औषधालाही नाही. नावं मागच्या बाजूला, औषधाच्या खोक्यावर दुष्परिणाम छापतात त्या अक्षरात.

मी विचारलं, गाणारा कुठाय?

"यात गाणारा नसतोच, बाबा. मग चेहरा कोणाचा छापायचा? म्हणून आवाजाचाच छापतात."

मला हे पटलं नाही. मग तिने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि एकेक रेकॉर्ड लावायला लागली. ऐकून कव्हर ओळखायचं. माझे कान कारखान्यात प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या मशीनचा पाण्याचा रोलर कोरडा पडला तर मी केबिनमध्ये बसून सांगतो. ही म्हणते, मशीनची कुरकुर बरोबर ऐकू येते, माझी तेवढी येत नाही.

पहिल्या रेकॉर्डमध्ये ठोका इतका नेमका की कोणीतरी रबरी हातोडीने फरशी ठोकत पुढे सरकतंय. चौकोन. बरोबर. दुसरीत सूर कुठून सुरू झाला आणि कुठे विरला काही कळेना. लांबवर कोणाचं तरी दार उघडं राहिल्यासारखं वाटत होतं. धुकं. बरोबर. तिसरीत नुसती करकर आणि खरखर, शाई कमी आणि पाणी जास्त झाल्यावर कागदाचं होतं तशी आवाजाची गत. काळा चुरा. कुईकुई करणारी आली ती ठोकळ्यांची. आणि जिच्यात भलीमोठी शांतता आणि मध्येच एक टिंग, ती ठिपक्याची. ठिपका सांगितला तेव्हा धाकटीने टाळी दिली. तिने मला टाळी शेवटची कधी दिली होती, आठवत नाही.

तळ्याच्या कव्हरात मात्र फसलो. आत पत्र्याची शेड कोसळत होती. ती म्हणाली, ते मुद्दाम आहे, त्यातच मजा आहे. मी म्हटलं, साबणाच्या खोक्यात बुटाचं पॉलिश घालून बघ, मजा काय ती कळेल. पण मुद्दा लक्षात आला. कव्हर म्हणजे डोळ्यांनी ऐकायची सोय.

मग धीर करून विचारलं, माझ्या वीज आणि गुलाबाच्या कव्हरातून कसला आवाज येतो?

तिने खरंच विचार केला. म्हणाली, "आत्याच्या वाढदिवसाचा."

माझ्या बहिणीला एकदा ऐकलेला माणूस याहून जास्त खुलासा मागणार नाही. ते कव्हर मी स्वतःच्या हाताने फाडलं.

१२ मार्च

आज तिला म्हटलं, आता तुझं ऐकव. ती जरा घुटमळली. मग हेडफोनची वायर उपटली आणि खोलीभर आवाज सोडला. ही हातातला पंचा तसाच घेऊन दारात येऊन उभी राहिली.

आधी कुणीतरी हवा आत ओढल्यासारखं सुस्, मग खट्, मग काहीतरी घरंगळत गेल्यासारखं. सुस्, खट्, घर्र. पुन्हा पुन्हा तेच. आणि त्यावर दोन लांब सूर. जवळजवळ एकच, पण एक दुसऱ्याहून केसभर चढा. तेवढी केसभर फट काही बुजत नाही, आणि त्या दोघांच्या मधून एक लाट उठते, वाँव, वाँव, कधी लांब, कधी जवळ.

मी म्हटलं, ठेका उत्तम आहे. डोकं शांत होतं, कारखान्यात बसल्यासारखं वाटतं. फक्त दर चौथ्या खेपेला जरा अडखळतो, तेवढं दुरुस्त करून घे.

धाकटी हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. ही म्हणाली, अहो, नीट ऐका की. मी म्हटलं, माझ्याइतकं नीट कोण ऐकतं या घरात? यावर दोघी मिळून हसल्या. मायलेकींचं आपसातलं काही असतं, मी त्यात पडत नाही.

मन अडकलं ते त्या दोन सुरांत. ते मी कुठेतरी बघितलंय. ऐकलेलं नाही. बघितलंय.

१३ मार्च

सकाळी दात घासताना आठवलं. खोका मीच छापलेला, हातात टूथपेस्ट, आणि एकदम आठवलं.

छापलेलं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. दर रंगाची जाळी वेगळ्या कोनात तिरकी ठेवतात. कोन नीट पडले की जाळ्या नाहीशा होतात आणि डोळ्याला सलग रंग दिसतो. कोन जवळजवळ सारखे झाले की कागदावर वर्तुळं आणि पट्टे उठतात, पाण्यावर उठावेत तसे. आमच्याकडे त्याला 'लाट आली' म्हणतात. लाट आली की सगळा माल रद्दीत. मी ज्या ज्या गोष्टींवर ओरडलोय त्यांत लाटेचा नंबर पहिला.

धाकटीला कारखान्यात नेलं. काचेच्या, खालून उजेडाच्या टेबलावर दोन जाळ्यांच्या फिल्म एकीवर एक ठेवल्या आणि वरची अगदी हळू फिरवली. लाटा रुंद झाल्या, मग दाट, मग पुन्हा रुंद. एकाही जाळीत लाट नाही, आणि दोघींच्या मधे नुसता समुद्र.

तिने माझं मनगट धरलं. "थांबा बाबा. हलवू नका."

मी विचारलं, हेच वाजतंय ना? तिने चिकटपट्टी घेतली आणि दोन्ही फिल्म होत्या तिथेच चिकटवून टाकल्या.

तर ठरलं असं. करड्या रंगाची जाळी, तिच्यावर निळ्याची, चुकीच्या कोनात. बाकी काही नाही. उभ्या आयुष्यात जे टाळलं ते पोटच्या पोरीसाठी मुद्दाम छापायचं. तिची अट एकच, छपाई म्हातारीवर. मी म्हटलं, नवी मशीन रिकामी आहे, लवकर होईल, सोपं पडेल. नाही म्हणजे नाही. असला हट्ट पोरीने कोणाकडून घेतला देव जाणे. घरी हेच बोललो तर ही म्हणाली, देवाला नको विचारायला, मला विचारा.

१७ मार्च

रेकॉर्डवाला येऊन गेला. कपडे काळे, टोपी काळी. मला आधी वाटलं, कोणी गेलं की काय. माणूस बरा निघाला. आम्ही काढलेला नमुना त्याने जवळ धरला, लांब धरला, टोपी काढून पुन्हा बघितला.

मग धाकटीला म्हणाला, "तू वाजवतेस तसं दिसतंय. केलं कोणी?"

"बाबांनी."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर काही नव्हतं, पण बघत राहिलो.

जाताना त्याने स्पष्ट सांगितलं. हेच हवं, ही लाट हवी. सुबक, गुळगुळीत कव्हरांनी त्याचं गोदाम भरलंय, आणखी एक आलं तर तो घेणार नाही. पंचवीस तारखेला माल त्याच्या दारात, नाहीतर नंबर पुढच्याला. कागद धाकटीने निवडलाय, जाड, खरबरीत, चमक नसलेला. कागदवाल्याकडे नेमका कामापुरताच होता, आणखी हवा तर पुढच्या महिन्यात.

२० मार्च

मशीनच्या कंपनीने बोलावलंय, उद्या बाहेरगावी जातो. धाकटीही उद्या नाही, तिला चाचणीची रेकॉर्ड ऐकायला जायचंय. काम मास्तरकडे दिलं. त्याला म्हटलं, धाकटीच्या नावाचं काम आहे, म्हातारीवरचं शेवटचं. जीव ओतून छाप. तो म्हणाला, "हो मालक," पण या वेळी जरा मऊ वाटलं.

लाटेचं सांगणार होतो. पण ज्याच्यावर मी लाटेसाठी आयुष्यभर तोंड टाकलं, त्याला आता कोणत्या तोंडाने सांगू की बाबा रे, लाट आण? आणि सांगायला हवंच कशाला? चुकीच्या कोनाच्या छपाईच्या प्लेटा तयार आहेत. तो लावेल, लाट आपोआप येईल.

२२ मार्च

ओरडलो नाही. डॉक्टरांना कळवायला हरकत नाही.

मास्तरने निळ्याचा पहिला ताव काढला, त्यावर लाट दिसली. त्याला वाटलं, प्लेट करणाऱ्याने घोळ घातला. मालक गावाला, धाकटी बाहेर, आणि तिच्या नावाच्या पहिल्या कामावर लाट. त्याने मशीन थांबवली, निळ्याची प्लेट नीट कोनात पुन्हा करवून घेतली, आणि सगळा कागद छापून टाकला. आम्ही आलो तेव्हा केस विंचरून दारात उभा होता. महिनाभरात पहिल्यांदाच माझ्याशी पूर्ण वाक्य बोलला.

"मालक, लाट आली होती. मी जाऊ दिली नाही."

गठ्ठा बघितला. अशी छपाई म्हातारीवर कधी झाली नव्हती. सलग करडा-निळा रंग, कुठे डाग नाही, ओरखडा नाही. हे आत्याच्या वाढदिवसाचंही कव्हर नव्हतं. हे कशाचंच नव्हतं.

धाकटीने एक ताव उचलून उजेडात धरला. आवाज अगदी सरळ ठेवून म्हणाली, "मास्तरकाका, इतकं स्वच्छ काम मी कधी बघितलं नाही." खोटं काहीच नव्हतं त्यात. मग म्हातारीच्या पलीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मास्तरला वाटलं, तिला आनंदाने भरून आलंय.

घरी आल्यावर म्हणाली, राहू दे बाबा, रेकॉर्डवाल्याला कळवते की आधी दुसऱ्याची काढा. पुढच्या वर्षी बघू. आणि ताटं उचलायला लागली. ही मला म्हणाली, चिडली असती तरी बरं झालं असतं. मी म्हटलं, पंचवीस तारखेपर्यंत कोणाला काही कळवायचं नाही. का म्हटलं ते मलाच माहीत नाही. हातात कागद नाही, वेळ नाही, मनात काही योजना नाही.

२३ मार्च

हाताला शाई आहे, पानाला लागतेय, लागू दे.

सकाळी मास्तरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चूक माझी, मी तोंड उघडलं नाही. तो शाईच्या डब्यावर बसला. त्याला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त, त्याला ते समजेचना. लाट कोणाला कशाला हवी असेल? मी समजवायला लागलो आणि लक्षात आलं, हे तोंडाने सांगून होणारं काम नाही. धाकटीला फोन करून तिचं यंत्र आणि हेडफोन मागवले. ती आली, डोळे सुजलेले. तिने हेडफोन मास्तरच्या कानांवर चढवले.

मास्तर मान खाली घालून ऐकत होता. मग मान वर आली. कानावर हेडफोन असले की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, सगळा कारखाना मागे वळेल इतक्या जोरात म्हणाला, "मालक, ही तर आपली म्हातारी आहे!"

मग बोटाने दाखवत सुटला. हे सुस् म्हणजे हवा कागद उचलते. हे खट् पकडीचं. हे घर्र म्हणजे सिलेंडर फिरला. आणि ही चौथ्याला अडखळते ना, तो तिचा गुडघा, तेल घातलं तरी दुखतोच.

मी हेडफोन काढून घेतले. एकदा कळल्यावर मला त्यात दुसरं काही ऐकूच येईना. ती माझीच मशीन होती, माझ्याच कारखान्यात, मी केबिनमध्ये बसलेलो असताना वाजणारी. मी धाकटीकडे बघितलं.

"मला वाटलं होतं, तुम्हाला लगेच ओळखू येईल," ती म्हणाली.

"ओळखलं होतं," मी म्हटलं. "बोललो नाही."

यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. हिला फोन केला तर ती म्हणाली, मला तर पहिल्याच दिवशी कळलं; सवत माडीवर येऊन बसली तर ओळखू येणार नाही का?

हसून झालं आणि मग मला ते सुचलं. कदाचित हसल्यामुळेच. गठ्ठ्यात दोन जाळ्या आहेत, दोघींचे कोन नीट, दोघी गुण्यागोविंदाने नांदतायत. नांदणाऱ्या घरात भांडण लावायला काय लागतं? तिसरं माणूस. त्याच तावांवर तिसरी जाळी छापायची, निळीच्या कोनाला अगदी चिकटून. ती आली की निळी अस्वस्थ होणारच.

धाकटी चालत शाईच्या कपाटाकडे गेली आणि डब्यांची झाकणं उघडून बघायला लागली. एका जुन्या डब्यात विटकरी रंग होता, तो घेऊन आली. मी म्हटलं, विचार कर, बिघडलं तर छापायला दुसरा कागद नाही. ती म्हणाली, आहे त्याचा तरी काय उपयोग आहे, बाबा?

तिसरी प्लेट करवून मास्तरने पहिला ताव सोडला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. निळ्यावर विटकरी रंगाची रुंद, संथ लाट, कडांना जांभळट. नमुन्यापेक्षा खोल. दुसरा ताव आला, त्यावर लाट बोटभर वर सरकलेली. तिसऱ्यावर डावीकडे वाकलेली. म्हातारी आता खिळखिळी झालीय, कागद दर वेळी केसाएवढा इकडेतिकडे बसतो, आणि जाळी केसभर हलली की लाट बोटभर हलते. एकासारखं दुसरं येईना. मास्तरचा हात आपोआप स्क्रूकडे गेला, घट्ट करायला.

मी तो हात धरला. "राहू दे," म्हटलं.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मला कोणी बदलूनच टाकलंय. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला आणि तिला चालू दिलं. धाकटी निघणारा प्रत्येक ताव उचलून बघत होती. संध्याकाळपर्यंत सगळा गठ्ठा झाला.

२४ मार्च

दिवसभर कापणं, दुमडणं, चिकटवणं. हीसुद्धा आली. तिने म्हातारीला वळसा घालताना एक चापट मारली, लाडाची की दुसऱ्या कशाची, विचारलं नाही.

मशीन घेणाऱ्याला फोन करून सांगितलं, आत्ता येऊ नका, आणि खरं म्हणजे नंतरही येऊ नका. उद्या कव्हरं परत आली तर पुन्हा छापावी लागतील, आणि नव्या मशीनवर ही लाट येणार नाही. हा निव्वळ धंद्याचा निर्णय आहे. भावनेचा इथे काही संबंध नाही. हिलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "हो ना." मास्तरलाही सांगितलं. दुपारी त्याने म्हातारी इतकी पुसली की तिचा मूळ हिरवा रंग कित्येक वर्षांनी दिसला.

काळजी उद्याची आहे. रेकॉर्डवाल्याने एक नमुना पसंत केला होता. आम्ही नेतोय ते त्या नमुन्यासारखं नाही, आणि आपसातही एकासारखं एक नाही. माझ्याकडे असा माल आला असता तर मी गाडीतून उतरूही दिला नसता.

२५ मार्च

तिघं गेलो. मास्तरने नवा शर्ट घातला होता.

रेकॉर्डवाल्याने गठ्ठा सोडला, वरचं कव्हर काढलं, शेजारी नमुना ठेवला. मग दुसरं काढलं. तिसरं. कपाळाला आठ्या. "हे मी पसंत केलेलं नाही," तो म्हणाला. मी पुढे झालो. असल्या प्रसंगी काय बोलायचं याची माझी आयुष्यभराची तयारी आहे. गिऱ्हाईकाला चूक ही खासियत म्हणून विकण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. पण धाकटीने मला मागे सारलं.

"आधी रेकॉर्ड लाव," ती म्हणाली. "मग परत पाठव."

त्याने चाचणीची रेकॉर्ड लावली. धाकटी खाली बसली आणि कव्हरं जमिनीवर मांडायला लागली, एकाला एक लावून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. म्हातारी सुस् करून खट् करायला लागली. दोन सूर आले. खोलीभर पसरलेली लाट एका कव्हरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत होती, कुठेच तुटत नव्हती. रेकॉर्डवाला टोपी हातात घेऊन कडेकडेने चालत होता. शेवटाकडे एक तिसरा सूर येतो, मी तो आधी ऐकलाच नव्हता, किंवा ऐकूनही लक्ष दिलं नव्हतं. तो सूर आला तेव्हा रेकॉर्डवाल्याने खाली त्या विटकरी रंगाकडे बघितलं आणि मग धाकटीकडे.

"लोक भांडतील," तो म्हणाला. "मला हे नको, ते द्या, म्हणतील."

मी म्हटलं, भांडणारं गिऱ्हाईक चांगलं असतं, ते दुकानात थांबतं.

तो हसला. फोन उचलला आणि रेकॉर्डच्या कारखान्याला सांगितलं, नंबर तोच ठेवा, कव्हरं आजच निघतायत. धाकटी खाली बसलेली होती ती उठलीच नाही. तिथेच गुडघ्यांवर डोकं टेकवलं. मी जाऊन तिच्या शेजारी बसलो. माझे गुडघे म्हातारीहून वाईट आहेत, पण बसलो.

मग रेकॉर्डवाला स्वतःसाठी एक कव्हर निवडायला लागला आणि रेकॉर्डची दुसरी बाजू संपेपर्यंत त्याचं ठरेना. मास्तरला म्हणाला, तुम्हीही एक घ्या. मास्तरने सगळी जमीन पालथी घातली आणि ज्याच्यावर लाट सगळ्यांत कमी होती ते शोधून काढलं. कागदात गुंडाळून काखेत घेतलं, कोणी बदलून देईल या भीतीने.

निघताना रेकॉर्डवाला दारापर्यंत आला. म्हणाला, आमच्याकडे आणखी एक जण आहे, त्याची रेकॉर्ड दोन महिन्यांनी निघतेय, त्याचंही कव्हर कराल का, आणि भाव काय लावाल? भाव माझ्या जिभेच्या टोकावर असतो. झोपेतून उठवून विचारा, आकडा सांगतो. धाकटी माझ्याकडे बघत होती.

"आधी ऐकवा," मी म्हटलं.